लेणी कोरली कुणासाठी?

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातून उत्तरेला निघाले की कार्ले लागते, पूर्वेला निघाले की बदामी. दोन्हींत शतकांचे अंतर, पंथही वेगळे. पण कार्ल्याला पडणारा प्रश्न बदामीपर्यंत सुटत नाही. सगळे अनित्य आहे असे सांगणाऱ्या बौद्ध धर्माने इतका टिकाऊ कातळ का निवडला? भिक्षूला वर्षावासापुरता आडोसा पुरत होता. टिकाऊपणाची निकड खरे तर भिक्षूला नव्हती, दात्याला होती. कार्ल्याच्या चैत्यगृहावरचा लेख पाहा. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे तिथे बजावून सांगतो तो वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, भूतपाल शेठ. ही मिजास संन्याशाची नव्हे! नाशिकला उषवदात नावाच्या दात्याने तर लेण्यासोबत व्याजाची सोयही लावली. विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा 1 दराने. वर्षाचे 240 झाले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. मुद्दल मात्र कधीच परत करायचे नाही. कातळ झिजत नाही, मुद्दल सरत नाही. लेणे वापरात आहे तोवर पुण्य साठत राहते.

यावर कुणी म्हणेल, सह्याद्रीत दगडच मुबलक, म्हणून कोरला. पण कार्ल्याच्या दगडी छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत, आणि त्या कसलाच भार पेलत नाहीत. लाकडी बांधकाम अंगवळणी असलेल्या माणसांनी जाणूनबुजून कातळ पत्करला, एवढे त्यावरून नक्की दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुण्य हा बहाणा, खरी हाव कीर्तीची. भूतपालाला तो लागू पडेलही. पण बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, शके 500 मध्ये, म्हणजे इ.स. 578 साली, चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाने विष्णूचे हे लेणे करवून त्याचे पुण्य थोरला भाऊ कीर्तिवर्मा याला अर्पण केले. स्वतःकडे ठेवले ते फक्त भावाच्या सेवेचे फळ. ज्याचे कर्म त्यालाच भोवते, असे शास्त्र सांगते. मग पुण्य दुसऱ्याच्या पदरात कसे घालता येते? पंडितांनी यावर पुष्कळ काथ्याकूट केला आहे. दात्यांना मात्र ही अडचण जाणवलेली दिसत नाही, आणि त्या काळचा चालता धर्म समजून घ्यायचा तर ग्रंथाआधी शिलालेखाची साक्ष काढावी लागते. पुढे याच मंगलेशाने पुतण्या पुलकेशीला डावलून स्वतःच्या मुलाला गादी द्यायचा घाट घातला आणि त्यात राज्य व प्राण दोन्ही गमावले, असे 634 चा ऐहोळेचा लेख सांगतो. बदामीला जाल तेव्हा शेषावर बसलेला विष्णू पाहून लगेच मागे फिरू नका. भावाला पुण्य देणारा तो लेखही शोधा.