शंकासमाधान : पश्चात्तापाची पुढची पायरी

शंका : जमिनीचे भाव वाढले तेव्हा बहिणीला भरीस घालून हक्कसोडपत्रावर सही घेतली. वडिलांना ते पटलं नव्हतं. मी त्यांच्याशी अबोला धरला आणि त्यातच ते गेले. श्राद्ध न चुकता घालतो, तरी मन खातं. तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला येते, पण दर्शनाला जायचं तोंड होत नाही. सगळे म्हणतात, झालं गेलं विसर. पण विसरणं ही वडिलांशी पुन्हा बेइमानीच नाही का?
— एक वाचक, लोणी काळभोर

समाधान : नुसतं विसरणं ही बेइमानीच ठरेल. पण नुसतं झुरत बसल्यानेही बहिणीच्या पदरात काही पडत नाही. ज्यांच्या पालखीपुढे जायला आपण संकोचता, त्यांच्याच चरित्रात याचं उत्तर आहे. मुळा-मुठेपलीकडच्या वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. पुढे त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. आळंदीला अनुष्ठान करूनही तो थांबेना. तुकोबांना शरण गेल्यावरच तो शमला, असं परंपरा सांगते. दाहाची कथा कोणी अक्षरशः मानो वा न मानो, तिचा रोख स्पष्ट आहे : ज्याचा अपराध केला त्याला टाळून देवापुढे कितीही बसलं, तरी प्रायश्चित्त पुरं होत नाही. हेच रामेश्वर भट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. ‘आरती तुकारामा’ त्यांचीच. वारकऱ्यांनी त्यांचा अपराधही लपवला नाही आणि आरतीही टाकली नाही. म्हणजे पुढे जायला मागचं पुसावं लागत नाही.

आपण म्हणाल, तुकोबा हयात होते, माझे वडील नाहीत. खरं आहे, त्या अबोल्याची भरपाई आता होणार नाही, ती खंत राहील. पण अबोला ज्या अन्यायापायी धरला, तो अजून निस्तरता येतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५च्या कायदादुरुस्तीने दिला. तिने तो सोडला असला, तरी रीतसर दस्त नोंदवून तिचा वाटा आपण तिला परत देऊ शकता. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, तर वडिलांना जे हवं होतं ते घडेल. ते श्राद्धापेक्षा कमी नाही. ती माफ करील का, ही शंका राहीलच. पण माफी देणं न देणं तिच्या हाती आहे, वाटा परत करणं आपल्या. माफीच्या अटीवर दिलेला वाटा हा पुन्हा सौदाच होईल. म्हणून आधी बहिणीचं दार गाठा. पालखीच्या दर्शनाला मात्र यंदाच जा. अपराध्याला तिथे मज्जाव नाही, हे रामेश्वर भटांनी दाखवून दिलं आहे.