पुढच्याची ठेच

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण सहज म्हणून जातो. या म्हणीने एक गोष्ट गृहीत धरली आहे. मागचा माणूस त्याच वाटेवर, चार पावलांवर चालतो आहे. पुढच्याचा फुटलेला अंगठा त्याला दिसतो, तोंडून निघालेलं ‘आई गं’ ऐकू येतं. पाऊलवाटेवर हे ठीक आहे. आकाशात मात्र पुढचा माणूस सहा आठवड्यांपूर्वीच येऊन गेलेला असू शकतो, आणि तोही दुसऱ्या कंपनीच्या विमानातून.

१ डिसेंबर १९७४, रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७२७ विमान, इंडियानापोलिसहून कोलंबसमार्गे वॉशिंग्टनला चाललं होतं. शहराजवळच्या नॅशनल विमानतळावर आडवा वारा फार, म्हणून ते डलेस विमानतळाकडे वळवलं गेलं. धावपट्टी अजून चाळीसहून अधिक मैल दूर असताना नियंत्रकाने तिच्याकडे येण्याची परवानगी दिली. कॅप्टनने अर्थ घेतला, ‘आता १८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही.’ नियंत्रकाच्या लेखी त्याच परवानगीचा अर्थ होता, ‘आता उंची तुमची तुम्ही सांभाळा.’ दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे चोख वागत होते.

त्या टप्प्यासाठी ३४०० फुटांच्या खाली उतरू नये, असं नकाशावर छापलेलं होतं. कॅप्टनच्या ते लक्षातही आलं, कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं. पण नियंत्रकाने परवानगी दिली आहे म्हणजे उतरता येतं, असा निष्कर्ष निघाला. ढग खाली आलेले, वारा दणकून वाहत होता. व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगराच्या पश्चिम उतारावर विमान आदळलं आणि आतले सगळे ९२ जण गेले.

दोष कोणाचा, यावर चौकशी मंडळातसुद्धा एकमत झालं नाही. मला या चौकशीतली दुसरीच गोष्ट अधिक अस्वस्थ करते. सहा आठवड्यांपूर्वी, युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने तिथेच, परवानगीचा तोच अर्थ लावून, तसंच खाली येऊन तो डोंगर थोडक्यात चुकवला होता. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला सांगितलं. अशा गोष्टी निर्धास्तपणे सांगाव्यात, अशी सोय त्या कंपनीत नुकतीच झाली होती. कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावध केलं. ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांपर्यंत मात्र ते पोचलं नाही. ठेच लागली होती आणि ती बोलूनही दाखवली होती, पण आवाज घराच्या भिंतींबाहेर गेला नाही.

या अपघातानंतर नियम बदलले. उंचीबद्दल नियंत्रक काय सांगेल, वैमानिक काय पाळेल, हे नेमकं ठरलं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र प्रवासी जेट विमानांत सक्तीचं झालं. पण उरला प्रश्न तो त्या न पोचलेल्या निरोपाचा. आपण चुकलो आणि वाचलो, हे कोण कशाला जगजाहीर करील? परवाना जाईल, नोकरी जाईल, चारचौघांत मान खाली जाईल. कोणाला कळलं नाही ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची!

१९७५मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जाहीर केलं, की चुका कळवा, आम्ही शिक्षा करणार नाही. पण परवाना काढून घेण्याचा अधिकार याच प्रशासनाकडे. हातात छडी घेऊन गुरुजी म्हणाले, ‘खरं सांगा, मारणार नाही,’ तर वर्गात जे होतं, तेच झालं. मग १९७६मध्ये हे काम नासाकडे सोपवण्यात आलं. नासा दंड करू शकत नाही, परवान्याला हात लावू शकत नाही; तिला फक्त ऐकता येतं. ही व्यवस्था उभी करण्यात चार्ल्स बिलिंग्ज यांचा मोठा वाटा होता, आणि ते पेशाने डॉक्टर होते, हे मला फार बोलकं वाटतं.

चूक कळवण्याच्या कागदी अर्जाच्या वरच्या पट्टीवर नाव आणि संपर्क लिहायचा. काही विचारायचं असेल, तर नासाची माणसं फोन करतात. काम झालं की ती पट्टी फाडून, तारखेचा शिक्का मारून, पाठवणाऱ्याला परत. नासाकडे चूक राहते, नाव राहत नाही. पट्टी जपून ठेवायची. नियमभंग पुढे उघडकीस आलाच, तर दहा दिवसांच्या आत आपण स्वतःहून कळवलं होतं, याचा तो पुरावा. आणि चूक अनवधानाने झालेली असेल, तर सहसा शिक्षा टळते. गुन्हा, प्रत्यक्ष अपघात किंवा जाणूनबुजून केलेला बेदरकारपणा यांना हे संरक्षण नाही.

चुकणाऱ्यांचे हे लाड आहेत, असं काहींना वाटतं. मला यात दया फारशी दिसत नाही. दिसतो तो रोखठोक व्यवहार. तू माहिती दे, मी अभय देतो. ५१४च्या कॅप्टनला शिक्षा करायला तो उरलाच नव्हता. उरला असता आणि केलीही असती, तरी परवानगीचे ते दोन अर्थ तसेच राहिले असते, आणि त्या खुर्चीवर उद्या दुसरा कोणी शहाणा माणूस बसला असता.

आजवर असे लाखो अहवाल आले आहेत. आकडा नीट ऐकू आला नाही, मिळत्याजुळत्या क्रमांकाच्या दुसऱ्या विमानाला दिलेली सूचना आपलीच समजली, पहाटेच्या थकव्यात वळण चुकलं. त्यांतले निवडक, ज्याच्या त्याच्या शब्दांत, दर महिन्याला नासाच्या पत्रिकेत छापले जातात. कुठल्याही कंपनीच्या वैमानिकाने वाचावेत.

या अहवालांवरून आकाशात एकूण किती चुका होतात हे मोजता येत नाही, असं नासाच बजावते. ज्याला लिहावंसं वाटलं त्याने लिहिलेलं असतं. एखाद्या ठिकाणचे अहवाल वाढले, तर तिथली माणसं जास्त चुकू लागली की मोकळेपणाने सांगू लागली, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण एकाएकी कमी झाले, तर तिथे नवा साहेब कोण आला, एवढं मी आधी विचारीन.