आभाळातून उतरणारी पलटण

लहानपणी रिसोडात आम्ही पॅराशूट बनवायचो. पॉलिथीनची पिशवी चौकोनी कापायची, चार कोपऱ्यांना चार दोरे, खाली गाठ मारून खडा, आणि गच्चीवरून द्यायचं सोडून. दहातली चारेक नीट उतरायची. दोनचार दोऱ्यांत गुंतून खड्याच्याच वेगानं खाली आदळायची. उरलेली वारा नेईल तिकडं जायची. कुणाच्या टिनावर, कुणाच्या बाभळीत, एकदा तर गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर. पुढं इतिहास शिकवायला लागलो, युद्धांची पुस्तकं वाचली, तेव्हा लक्षात आलं की मोठमोठ्या सेनापतींच्या अडचणीही जवळपास याच होत्या.

आता पहाटे फिरायला निघालो की वाशिम रोडवर भरतीची तयारी करणारी पोरं धावताना भेटतात. त्यातल्या एकानं मागच्या हिवाळ्यात दम खात विचारलं, “सर, पॅरात गेलं तं इमानातून उडी मारा लागते म्हणे. पण लढाईत खरंच मारतात का हो?” उडी मारावी लागते, हे त्याला तिथंच सांगितलं. पाच उड्या पुऱ्या केल्याशिवाय छातीवर पंख लागत नाहीत, आणि त्या उड्यांचं शिक्षण आग्ऱ्याला होतं. पण लढाईत मारतात का, याचं उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं.

आभाळातून सैन्य उतरवण्याची कल्पना जवळपास फुग्यांइतकीच जुनी आहे. १७८४ साली, फुगे नुकते आकाशात जाऊ लागले होते, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिननं एका पत्रात हिशेब मांडला होता. पाच हजार फुग्यांतून दहा हजार माणसं ढगांतून उतरली, तर त्यांना अडवायला देशभर सैन्य पेरून ठेवणं कुठल्या राजाला परवडेल? या विचाराचा गाभा मला तिथंच दिसतो. उतरलेली माणसं किती लढतील हा प्रश्न नंतरचा. ती उतरू शकतात एवढ्या भीतीनं शत्रूनं आपलं सैन्य मागे अडकवून ठेवावं, ही खरी कमाई.

१९३५-३६ मध्ये सोव्हिएत रशियानं परदेशी पाहुण्यांसमोर हजारावर सैनिक एकदम उतरवून दाखवले. १९३६ साली ते पाहणाऱ्यांत ब्रिटिश सेनापती वेव्हेल होते. ते थक्क झाले, पण युद्धात याचा कितपत उपयोग, अशी शंका घेऊनच परतले. गंमत म्हणजे हेच वेव्हेल हिंदुस्थानचे सरसेनापती असताना ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. शंका कुठं गेली? त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनांनी क्रीट बेट आभाळातून उतरून घेतलं होतं. तिथं जर्मन छत्रीधारी इतके मेले की हिटलरनं पुन्हा तसा मोठा हल्ला केला नाही. पण दोस्तांनी पाहिलं ते जिंकलेलं बेट. एकाच लढाईतून दोन्ही बाजू उलटे धडे शिकल्या.

पुढची तीन-चार वर्षं या कल्पनेची भरभराटीची. नॉर्मंडीत जून १९४४ च्या एका रात्री सुमारे तेरा हजार अमेरिकन उतरले आणि वाऱ्यानं, ढगांनी, गोळाबारीनं मैलोगणती विखुरले. सप्टेंबरात हॉलंडमधल्या अर्नेमला सुमारे दहा हजार, बहुतांशी ब्रिटिश, गेले, नदीपार परत आले जेमतेम चोवीसशे. अर्नेमचे लोक धाडसात कुठं कमी पडले नाहीत. जमिनीवरून जी कुमक दोन-तीन दिवसांत यायची, ती तिथल्या पुलापर्यंत पोचलीच नाही. हलक्या हत्यारांनिशी उतरलेला माणूस रणगाड्यांपुढं किती दिवस टिकणार?

या काळात आपली मराठा पलटण पायदळच होती. तिसरी मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत लढत होती, आणि जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी तिच्याच नाईक यशवंत घाडग्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महायुद्धानंतर ही पलटण छत्रीधारी झाली. पण १९४७-४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-झांगडला ती ब्रिगेडियर उस्मानांच्या हाताखाली पायीच लढली, कुणी उडी मारली नाही. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन ‘दोन पॅरा (मराठा)’ झाली. खऱ्या उडीसाठी तिनं आणखी एकोणीस वर्षं वाट पाहिली. मधल्या काळात शत्रूनंच आपल्यावर हा प्रयोग करून पाहिला. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्ताननं पठाणकोट, आदमपूर, हलवारा या विमानतळांजवळ रात्री कमांडो सोडले. अंधारात ते शेतांत विखुरले आणि बहुतेक पकडले गेले. पकडणाऱ्यांत काठ्या घेतलेले गावकरीही होते. वरून येणाऱ्याला खालचा गावकरी कुणाचा, हे आधी विचारावं लागतं.

११ डिसेंबर १९७१. दुपार कलती झालेली, पूर्व बंगालातलं टांगाईल. एएन-१२, पॅकेट, डाकोटा, कॅरिबू अशी मिळतील ती पन्नासेक विमानं कलाईकुंडा आणि डमडमहून उडालेली. त्यांत लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नूंची दोन पॅरा. विमानाच्या पोटात माणूस पाठीवर मुख्य छत्री, छातीवर राखीव छत्री आणि वर हत्यार-दारूगोळा घेऊन अवघडून बसलेला असतो. दरवाजा उघडला की वाऱ्याच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. छत्रीचा पट्टा तारेला अडकवायचा, पुढच्याचा पट्टा तपासायचा, लाल दिव्याकडं बघत उभं राहायचं. हिरवा लागला की एकामागे एक, मध्ये श्वासाचंही अंतर न ठेवता बाहेर. थबकणाऱ्यामुळं मागचे सगळे खाली शेकडो मीटर पुढं पडतात. तारच छत्री उघडते. मग मिनिटभर माणूस आभाळात लटकलेला, ना धावू शकत, ना लपू शकत. या हत्यारावर आज जो वाद आहे तो त्या एका मिनिटाचा.

टांगाईलला ते मिनिट सुरक्षित होतं. ढाक्याच्या धावपट्टीची भारतीय हवाई दलानं आधीच चाळण केली होती, आकाशात शत्रूचं विमान नव्हतं. खाली कादर सिद्दिकींची मुक्तिवाहिनी होती, आणि छत्र्यांची जागा पक्की करायला आपला एक अधिकारी आधीच तिच्यात जाऊन राहिला होता. सातशेच्या आसपास माणसं उतरली, त्यांनी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरला आणि जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडं माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडून जमिनीवरची फौज येऊन भिडली. त्या फौजेच्या पुढं होती पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, जंगी पलटण. एक मराठा पलटण आभाळातून आली, दुसरी जमालपूर लढून रस्त्यानं आली, आणि दोघींची गाठ बंगालातल्या एका पुलाशी पडली. हा प्रसंग आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. असायला हरकत नव्हती. १६ तारखेला ढाक्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांत दोन पॅरा होती.

मात्र या यशातली एक गोष्ट मला त्या पुलापेक्षा मोठी वाटते. लष्कराचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांच्याकडं त्या दिवशी उडीचं छायाचित्र नव्हतं. त्यांनी आग्ऱ्याच्या जुन्या सरावाचं छायाचित्र वर्तमानपत्रांना दिलं. त्यात अख्ख्या ब्रिगेडच्या छत्र्यांनी आभाळ भरलेलं. जगभर बातमी झाली ती हजारो छत्रीधाऱ्यांची, आणि ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनाही तेच खरं वाटलं. सातशे माणसांनी पूल धरला आणि एका जुन्या फोटोनं सेनापतीचा धीर खचवला. फ्रँकलिनचा हिशेब १८७ वर्षांनी असा खरा ठरला.

आज तो फोटो तासभर तरी टिकेल का? उपग्रह माणसं मोजतो, गावातलं पोरगं मोबाइलवर चित्रीकरण टाकतं. भीतीचं भांडवलच आटलंय. आणि ते मिनिट? खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र आता कुठल्याही टोळीकडं असतं. सरळ रेषेत, खाली आणि हळू उडणारी मालवाहू विमानांची रांग म्हणजे त्याला आयतं सावज. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावर आपले नावाजलेले हवाई सैनिक पाठवले, तेही छत्रीनं नव्हे, हेलिकॉप्टरनं. ते उतरले, पण त्यांच्यामागून मोठ्या विमानांनी यायचं होतं, ती येऊच शकली नाहीत. आपल्याला हा धडा शिकायला परदेशी जायची गरज नव्हती. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरवलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची तीस जणांची तुकडी, सावध बसलेल्या शत्रूपुढं, एक जण वगळता संपली.

उलट जिथं आभाळातून जाणं फळलं, तिथं बहुतेकदा उडीची गरजच पडली नाही. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये बंड झालं आणि त्याच रात्री आग्ऱ्याहून निघालेली आपली पॅरा ब्रिगेड अडीच हजार किलोमीटरांहून लांब हुलुलेच्या धावपट्टीवर आयएल-७६ विमानातून पायऱ्या उतरावं तशी उतरली. उडीचाही विचार झाला होता, पण विमानतळ मित्रांच्या हातात होता. २००३ मध्ये उत्तर इराकमध्ये अमेरिकेची हजारभर माणसं उडी मारून उतरली, ती आधीच कुर्द मित्रांच्या ताब्यात असलेल्या भागात. २०२१ मध्ये काबूलला ८२ वी एअरबोर्न डिव्हिजन गेली, तीही धावपट्टीवर.

मोठ्या उडीचे पुरस्कर्ते म्हणतात, रशिया सोडत नाही, चीन सोडत नाही, अमेरिकेनं २०२२ मध्ये अलास्कात ११ वी एअरबोर्न डिव्हिजन नव्यानं उभी केली, मग आपण का सोडावी? त्यांना मी साधा विमानांचा हिशेब विचारतो. आपल्याकडं सी-१७ विमानं अकरा. एकात १०२ छत्रीधारी बसतात. सगळी अकरा धडधाकट उभी आहेत असं धरलं, तरी एका खेपेत हजार-अकराशे माणसं, आणि तोफ नाही, जीप नाही. लढाई लागली की हीच विमानं लडाखला दारूगोळा, शिधा आणि रणगाडे पोचवायला हवी असतात. एएन-३२ आणि सी-१३० जोडून घेतली तरी ओढाताण तीच. अख्खी ब्रिगेड एकदम उतरवायची म्हणजे बाकी सीमेला उपाशी ठेवायचं.

म्हणून माझं मत झालंय ते असं. ब्रिगेडभर उडीचं स्वप्न संचलनापुरतं ठेवावं. मात्र एका पलटणीची, तोफा आणि इंजिनिअरांसकट, दोन-तीन दिवसांच्या सूचनेवर उडी मारण्याची तयारी मोडू नये. पूर्व लडाखमध्ये नोव्हेंबर २०२१ ला चौदा हजार फुटांवरच्या मैदानात शत्रुजीत, म्हणजे त्याच ५० व्या पॅराशूट ब्रिगेडनं असा सराव केला, तो मला याच कारणानं शहाणपणाचा वाटला. ज्या पठारावर रस्ता पोचायला दिवस लागतात, तिथं आपल्या विमानांनी आकाश राखलं असेल, तर सातशे माणसं अजूनही खिंड धरू शकतात. अट टांगाईलचीच: आकाश आपलं, खालचा माणूस आपला, आणि दुसऱ्या दिवशी पायी येणारी जंगी पलटण ठरलेली. यातलं एक नसलं तरी विमान उडू नये.

पन्हाळा १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनी घेतला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं सांगतो. दोन पॅरानंही पुढं मोजक्या माणसांची तीच वाट धरली. ज्या पलटणीनं भारताची सर्वांत मोठी युद्धातली उडी मारली, ती आज विशेष दल आहे, चार-सहा जणांच्या तुकड्यांत काम करणारं. एकविसावी मराठाही तशीच २१ पॅरा झाली. ही कल्पना मेली नाही, आक्रसली आहे, आणि आक्रसून जास्त कामाची झाली आहे.

तो पोरगा परवा पुन्हा भेटला. सोयाबीन काढून झालं होतं, धावणं पुन्हा सुरू. त्याला एवढं सांगितलं: उडी शीक, पंख लाव, पण पाय पक्के कर, कारण तुझी लढाई बहुधा विमानाच्या दारातून चालत उतरून सुरू होईल. टांगाईलनंतर भारतानं युद्धात पलटणभर उडी पुन्हा मारलेली नाही. त्या संध्याकाळी लोहाजंगच्या काठी उतरलेला सर्वांत लहान जवान अठरा वर्षांचा धरला, तरी आज त्यानं सत्तरी ओलांडली आहे.