काळी, पांढरी आणि घर

विदर्भात मातीचे घर काळ्या मातीवर धड उभे राहत नाही. कापसाची ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि वरची भिंत चिरत जाते. म्हणूनच जुन्या मराठी दप्तरांत गावाचे दोन भाग नोंदलेले दिसतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या परिसरात, या दोहोंच्या खाली तिसरी वस्तू आहे, ती चुनखडी. तिच्या जोरावर 2022 पासून मुकुटबनला मोठा सिमेंट कारखाना चालतो. आणि याच तालुक्यातल्या कोलामांच्या पोडांवर बांबू-मातीच्या कुडाची परंपरा आहे. आपल्या हाताने, आसपास मिळणाऱ्या आणि दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूंनी बांधलेल्या स्वयंपूर्ण घरात राहणे हा धर्म, सोय की नाइलाज, हा प्रश्न त्यामुळे इथे नुसता पुस्तकी राहत नाही.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची बोली द्रविड कुळातली, वस्ती गावापासून जरा अलग, आणि तिचे नाव पोड. बांबूच्या टोपल्या, सुपे, तट्टे विणणे हा त्यांचा जुना व्यवसाय आणि घरही एका अर्थाने विणलेलेच असते. लाकडी खांबांमध्ये बांबूच्या कामट्यांचा ताटवा बसवायचा. बांबू कमी पडला तर शेतातली पऱ्हाटी किंवा तुराटी लावायची. माती, कुटार आणि शेण भिजवून मुरू द्यायचे, पायाने तुडवायचे आणि दोन्ही बाजूंनी हाताने थापायचे. वाळलेल्या भिंतीवर बोटांच्या रेघा राहतात. पुढच्या सारवणात त्या बुजतात आणि नव्या उमटतात. छपराला गवत किंवा कवेलू. दाराला कधी डांबराच्या पिंपाचा ठोकून सपाट केलेला पत्रा, आडोशाला खताच्या पोत्यांचा शिवलेला पडदा, आणि निवडणूक होऊन गेली की पुढाऱ्याचे हात जोडलेले फ्लेक्स पावसाआधी छपरावर जाते. गरिबाच्या घरात याला पुनर्वापर म्हणायची रीत नाही. तो शब्द बहुधा शहरातून आलेल्या घरासाठी राखून ठेवलेला असतो.

निसर्गातून घेतलेले म्हणून घर आपोआप निर्दोष होते का, यावरचा एक फार जुना आणि सूक्ष्म विचार पाली विनयपिटकात आहे. धनिय नावाचा भिक्षू कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की लोक गवत आणि लाकूड काढून नेत. असे तीनदा झाले. मग त्याने वडिलोपार्जित कसब वापरले. संपूर्ण मातीची कुटी घडवली आणि गवत, काटक्या, गोवऱ्या रचून ती आख्खी भाजून काढली. कुटी लालबुंद, देखणी झाली. टिचकी मारली तर घंटेसारखी वाजे. बुद्धांनी ती पाडायला लावली. चिखल कालवताना आणि भाजताना जिवांची पर्वा केली गेली नव्हती, हा त्यांचा आक्षेप. वस्तू नैसर्गिक होती, श्रम स्वतःचे होते, खर्च शून्य होता. तरीही ती कुटी चुकीची ठरली.

इथे रेघ ओढली गेली ती कच्च्या आणि भाजलेल्या मातीच्या मधून. मुकुटबनला ती रेघ आजही ताजी आहे. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवली जाते. शंभर किलो शुद्ध चुनखडी पुरती भाजली तर त्यातले 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन आभाळात जाते; इंधनाचा धूर वेगळा. कुडाच्या भिंतीला मात्र ऊन पुरते. पण कवेलू? तेही आव्यातूनच येते. कवेलूच्या छपराखाली राहणाऱ्याने सिमेंटवाल्याला हिणवावे इतके अंतर तत्त्वाच्या पातळीवर उरत नाही. अंतर उरते ते प्रमाणाचे. नीतिविचारात प्रमाणाला दुय्यम मानण्याची खोड आहे. घराच्या बाबतीत मात्र बराचसा धर्म प्रमाणातच असतो.

धनियाची गोष्ट तिथे संपत नाही. मातीची कुटी गेल्यावर त्याने लाकडाची बांधायचे ठरवले आणि राजाने दिले आहे असे सांगून राजाच्या राखीव साठ्यातले लाकूड नेले. बिंबिसाराने जाब विचारला तेव्हा धनियाने राज्याभिषेकाच्या वेळची घोषणा पुढे केली: श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड, पाणी मोकळे आहे. राजाचे म्हणणे असे, की ती मोकळीक रानातल्या, कोणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंपुरती होती. त्याने भिक्षूला सोडून दिले. संघात मात्र न दिलेले घेण्याविरुद्धचा कडक नियम याच प्रसंगातून आला.

म्हणजे अहिंसेनंतरचा प्रश्न अस्तेयाचा. रानातला बांबू कोणाचा? 1927च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्षात जमा केले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कामट्या काढणारा माणूस कागदोपत्री चोर ठरू शकत होता. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला मात्र 2011 उजाडले. विनयपिटकातला राजा आणि भिक्षू यांच्यातला वाद अडीच हजार वर्षांनी वनखाते आणि ग्रामसभा यांच्यात चालू राहिला असे म्हणता येते. फरक इतकाच, की ‘मोकळे’ म्हणजे राजाने दिलेले की मुळातच गावाचे, हे आता विचारले गेले.

निवडून, ठरवून साधे घर बांधणाऱ्यांची परंपरा याहून निराळी. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोने 1845 साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधली, तीही बरीचशी जुन्या मालाची. फळ्या एका मजुराच्या विकत घेतलेल्या झोपडीच्या, विटा जुन्या हजार, खिडक्या दोन वापरलेल्या. एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट, आणि त्याचा तपशील त्याने पुस्तकात दिला. ज्याची झोपडी मोडली तो मजूर मात्र आपले कुटुंब आणि चंबूगबाळे घेऊन वाटेला लागला. थोरो ते नोंदवतो आणि पुढे जातो.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण सेवाग्रामचे. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला आले. 1940 साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. पहिल्या घरासाठी, म्हणजे आजच्या आदि निवासासाठी, त्यांची अट प्रसिद्ध आहे: सामान आसपासचे हवे आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत. आज बापू कुटी म्हणून जी ओळखली जाते ती आधी मीराबेनची झोपडी होती. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, आणि भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली झाडे. आश्रमात दोन वस्तू जपलेल्या आहेत आणि त्या एकत्र पाहाव्यात. एक, साप धरून रानात सोडण्यासाठीचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. मातीच्या घरात साप येणारच आणि मारायचा तर नाहीच, म्हणून हे अवजार. दुसरी वस्तू टेलिफोन, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी थेट बोलता यावे म्हणून बसवलेला. पाचशे रुपयांच्या घरातून साम्राज्याच्या राजधानीला तार गेलेली होती. याला ढोंग म्हणण्याची घाई करू नये. घर स्वयंपूर्ण असणे आणि घरातला माणूस जगापासून तुटलेला असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि या कुटीत त्या वेगळ्या राहिल्या. 1978 साली विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून बोलला तेव्हा त्याने घराबद्दल मांडले ते असे, की सामान आणि सोयी वाढत जातात तसे घर राहण्याची जागा न उरता वस्तूंची वखार होते.

ऑक्टोबर 1945 मध्ये नेहरूंना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी लोकांना अखेर खेड्यांत आणि झोपड्यांतच राहावे लागेल असे मांडले. नेहरूंनी ते मान्य केले नाही. पण खरा घाव दुसरीकडून आला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावरच कडक टीका केली. स्थानिकपणाचे डबके आणि जातीयतेचे कोठार असे त्यांना खेडे दिसले. घराच्या प्रश्नाला ही टीका थेट लागू पडते. ‘आसपासचे सामान’ म्हणताना आसपास कोणाचे, हे सांगावे लागते. ज्याला गावाबाहेर राहायला लावले, ज्याच्याकडून वेठीने दुसऱ्याची घरे शाकारून घेतली, त्याच्या दृष्टीने मातीची भिंत ही साधेपणाची खूण नव्हे. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर भागांत बौद्ध वस्त्यांमध्ये पक्क्या घराला जो मान आहे तो या आठवणीतून आलेला आहे. तो उपभोगाचा हव्यास म्हणून बाजूला सारणारा लेखक फारसा बाहेर फिरलेला नसावा.

‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हे सरकारी शब्दही निवाडा देऊनच येतात. कच्च्याला काही शिजायचे बाकी आहे, असा त्यात सूर. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या जमातींना घरामागे दोन लाख रुपयांचे साहाय्य ठरले. कुडाच्या घरातला माणूस घरकुल का मागतो याची कारणे तत्त्वज्ञानात शोधण्याआधी छपरावर पाहावे. वानरांची टोळी आली की एका दुपारी शंभर कवेलू फुटतात, आणि कवेलू पुन्हा बसवणारा हात आता मिळत नाही. उधई खांब पोखरते. पावसाआधी शाकारणी, पावसानंतर भिंतीची डागडुजी, सणाआधी पोतेरा. सारवण बहुतेक ठिकाणी बाईच्याच वाट्याला येते, आणि स्वावलंबनावरच्या पुस्तकांत ‘स्व’ कोण हे क्वचित सांगितलेले असते. कंबर कोणाची मोडते तेवढे विचारले तर बऱ्याच आदर्श घरांचा हिशेब बदलतो. अर्थात पत्र्याखालचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला कुडाची सावली कशाने भरून निघत नाही हेही ठाऊक असते. घरकुलाशेजारी जुने कुडाचे घर किंवा मांडव ठेवून दुपारी तिथेच टेकणारी माणसे काही थोडी नाहीत.

स्वयंपूर्णतेची हद्द विनोबांच्या प्रयोगात सर्वांत स्पष्ट दिसते. पवनारच्या आश्रमात 1950 साली त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला: पैसा न घेता स्वतः पिकवायचे, स्वतः सूत कातायचे, त्यावर जगायचे. पुढच्याच वर्षी ते पायी तेलंगणात गेले आणि 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत, भूमिहीन हरिजनांनी जमीन मागितल्यावर, शंभर एकरांचे पहिले दान मिळाले. पैशावाचून जगणारा माणूस दुसऱ्यांसाठी जमीन मागत गावोगाव हिंडू लागला. यात विसंगती नाही. पिकवायला काळी आणि बसायला पांढरी ज्याच्याकडे आहे त्यालाच स्वावलंबनाचे व्रत घेता येते. इतरांच्या बाबतीत आधी जमिनीचा प्रश्न सुटावा लागतो. पोडावर आजही घराचा प्रश्न बहुधा भिंतीपाशी अडत नाही, तो जागेच्या कागदापाशी अडतो.

गाडगेबाबांनी तर ‘स्व’ हा शब्दच घरातून काढून टाकला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या त्या परक्यांसाठी, आणि चांगल्या पक्क्या. स्वतःचे म्हणावे असे घर ठेवले नाही. फुटके गाडगे आणि चिंध्यांची गोधडी, म्हणजे टाकाऊच वस्तू, एवढाच त्यांचा संसार. अपरिग्रहाचा अर्थ सगळ्यांनी झोपडीत राहावे असा त्यांनी घेतला नाही.

उरतो तो घराच्या शेवटाचा मुद्दा. स्लॅबचे घर पाडले की त्याचा मलबा रस्त्याच्या भरावाला किंवा नाल्यात जातो. सळई तेवढी भंगारवाला नेतो. कुडाचे घर सोडून दिले तर बांबू पहिल्या काही पावसाळ्यांत कुजतो, खांब दुसऱ्या घराला किंवा चुलीला लागतात आणि भिंत बसून जमिनीला मिळते. अशी घरे एकावर एक बसत गेली की गावाची पांढरी उंच होते. राख, शेण, कुटार पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ही माती कसदार असते. ओसाड पडलेल्या जुन्या गावांच्या टेकाडांवरून शेतकरी ती गाड्या भरून नेतात आणि वावरात पसरतात. पुरातत्त्वाचे लोक त्यावर हळहळतात, कारण खापरे आणि थर त्याबरोबर जातात. पांढरी अशा रीतीने पुन्हा काळीत जाते आणि त्यावर पऱ्हाटी उभी राहते.