सोरायसिस : एका रोगाच्या आकलनाची वाटचाल

सोरायसिस हा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा, वर्षानुवर्षे चालणारा दाहाचा विकार आहे. त्याच्या खुणा त्वचेवर उमटतात, पण मूळ त्वचेपुरते नसते. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने किंवा सहवासाने एकाचा दुसऱ्याला होत नाही. जगात अंदाजे २ ते ३ टक्के लोकांना तो असतो, तर भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. इतकी साधी विधाने ठामपणे करता यावीत यासाठी वैद्यकाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. एवढ्या काळात बदलत गेली ती रोगाचे कारण शोधण्याची जागा. ते आधी रोग्याच्या पापात शोधले गेले, मग कातडीत, मग पेशींच्या वाढीत आणि अखेरीस साऱ्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत.

रोगाचे नेहमीचे रूप सहज ओळखू येते. कोपर, गुडघे, कंबरेचा खालचा भाग आणि डोके येथे ठळक कडा असलेले, जाड, उंचवट्याचे चट्टे उठतात. त्यांवर चंदेरी-पांढऱ्या खपल्यांचे थर साचतात. गोऱ्या कातडीवर हे चट्टे लाल दिसतात, तर सावळ्या कातडीवर जांभळट किंवा करडे. त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकांतील चित्रे पाहून भारतीय रोग्याचे निदान करताना फसगत होऊ शकते. खाज कोणाला थोडी असते, कोणाला झोप उडवणारी. सोरायसिसच्या दहापैकी आठ-नऊ रोग्यांमध्ये हा चट्ट्यांचा प्रकारच दिसतो. लहान मुले आणि तरुणांमध्ये घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंगभर थेंबांसारखे बारीक ठिपके उठतात, तो थेंबवजा प्रकार. काखेत आणि जांघेत होणाऱ्या प्रकारात खपल्या जवळजवळ नसतात. गुळगुळीत, ओलसर लाली दिसते आणि ती गजकर्ण समजली जाते. पूयुक्त प्रकारात पुवाने भरलेल्या बारीक पुळ्या येतात, पण त्या पुवात जंतू नसतात. सर्वांगाची त्वचा लाल होऊन सुटू लागते तो प्रकार जिवावर बेतू शकतो, कारण त्यात शरीरातील उष्णता आणि पाणी झपाट्याने बाहेर पडते. याशिवाय नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात, नखे जाड होऊन बोटापासून सुटतात, आणि काही रोग्यांचे सांधे सुजून आखडतात.

प्राचीन वैद्यांनी ही लक्षणे पाहिली होती. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत खपल्या पडणाऱ्या त्वचारोगांचा एक मोठा गट वर्णिला आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. क्षुद्रकुष्ठांतील एककुष्ठाचे वर्णन घाम न येणारे, मोठी जागा व्यापणारे आणि माशाच्या खवल्यांसारखे असे आहे. किटिभ हे काळपट आणि खरखरीत सांगितले आहे. आजचे आयुर्वेदाचे अभ्यासक सोरायसिसची तुलना बहुधा या दोघांशी करतात. निरीक्षण इतके बारीक होते, तरी खपल्या पडणारे, बधिरता आणणारे आणि रंग घालवणारे असे अनेक रोग एकाच छत्राखाली राहिले. त्याच परंपरेत पूर्वकर्म आणि पाप हेही कुष्ठाचे कारण मानले गेले. कृष्णाच्या शापाने सांबाला कुष्ठ झाले आणि सूर्योपासनेने ते गेले, ही कथा देशभर पसरली. सूर्यप्रकाशाचा काही त्वचारोगांवर खरोखर परिणाम होतो, हे विज्ञानाने पुढे दाखवले. मात्र कथेतील शापाचा भाग लोकांच्या मनात अधिक खोल रुजला, आणि रोगी हा दोषी ठरला.

युरोपातही वेगळे घडले नाही. तेथे अंगावर खपल्या दिसल्या की महारोगाची शंका घेतली जाई, आणि महारोगी ठरलेल्या माणसाला गावाबाहेर राहावे लागे. ही सरमिसळ सुटायला एकोणिसावे शतक उजाडले. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्वचेवर दिसणाऱ्या खुणांचे काटेकोर वर्गीकरण केले आणि १८०८ च्या सुमारास या रोगाचे नेमके वर्णन दिले, तरी नावांचा गोंधळ तसाच राहिला. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये सोरायसिस आणि कुष्ठरोग हे दोन स्वतंत्र रोग असल्याचे स्पष्ट केले. १८७३ मध्ये नॉर्वेच्या आर्माउर हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला आणि दोन रोगांमधील भिंत पक्की झाली. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, कारण त्याचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो. सोरायसिसच्या चट्ट्याला संवेदना असते. त्याची खपली खरवडली तर खाली रक्ताचे बारीक थेंब दिसतात.

पुस्तकात झालेला हा निवाडा समाजात पोहोचायला फार वेळ लागला. ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये महारोग्यांविषयी कायदा केला. त्यात भटक्या रोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद होती. स्वतंत्र भारतात तो कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले. महाराष्ट्रात मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनात कुष्ठरोग्यांना आसरा, उपचार आणि काम दिले. औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या रोगाभोवती एवढी भीती होती, म्हणून या माणसांना इतके मोठे काम उभे करावे लागले. ती भीती सोरायसिसच्या रोग्यांनाही भोवली. मुळात जो संसर्ग नव्हेच, त्याची शिक्षा त्यांनी भोगली.

कारण कळण्याआधी उपचार सापडावा, असे वैद्यकात अनेकदा घडते. सोरायसिसच्या बाबतीत त्याचा एक धागा गोव्यातून जातो. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडाच्या पोकळीत साचणारी पिवळसर तपकिरी पूड पोर्तुगीजांनी गोव्यात आणली. नायटा आणि गजकर्णावरचे औषध म्हणून ती ‘गोवा पावडर’ या नावाने मुंबईपर्यंत विकली जाई. १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर बालमॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली आणि चट्टे निवळले. पहिल्या महायुद्धात तिची आवक थांबली, तेव्हा जर्मनीत तिच्यासारखे कृत्रिम द्रव्य तयार झाले. ते डिथ्रॅनॉल. १९२५ मध्ये अमेरिकेत गेकरमन यांनी कोळशाचे डांबर लावून त्यावर अतिनील किरण सोडण्याची पद्धत मांडली. भारतात कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांत सोरालेन हे द्रव्य असते. १९७४ मध्ये त्याच कुळातील औषध आणि अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर गुणकारी असल्याचे सिद्ध झाले. आज प्रकाशोपचारासाठी मुख्यतः अरुंद पट्ट्याचे अतिनील-बी किरण वापरतात आणि बावचीच्या कुळातील औषधाची गरज फारशी उरलेली नाही. घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याने मात्र त्वचा भाजते, म्हणून हा प्रयोग स्वतःहून करू नये.

रोगाच्या स्वभावाचा पहिला मोठा सुगावा जर्मन वैद्य हाइनरिख केब्नर यांनी १८७० च्या दशकात दिला. रोग्याच्या निरोगी त्वचेवर ओरखडा, भाजणे किंवा घासणे यांतून इजा झाली, तर काही दिवसांनी त्याच जागी, त्याच आकाराचा नवा चट्टा उठू शकतो. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या काळ्या रानात या निरीक्षणाचा अर्थ लगेच कळेल. येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण रब्बीची ही ज्वारी काढण्याचे काम हातांचे आहे. ताटे उपटताना तळहात घासतात, पानांच्या कडा दंडावर ओरखडतात, आणि हे सारे कोरड्या हवेच्या दिवसांत चालते. ज्याच्या तळहातांवर व तळपायांवर सोरायसिस आहे, त्याच्या कातडीला भेगा पडून विळा धरणे आणि अनवाणी चालणे अशक्य होते. अंगाचा फार थोडा भाग व्यापूनही रोग मजुरी बुडवतो. चट्ट्यांचे क्षेत्रफळ मोजून रोगाची तीव्रता ठरवणे अपुरे का आहे, ते अशा ठिकाणी दिसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कारणाचा शोध पेशीपर्यंत आला. निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत होतो. पेशी पिकायच्या आधीच पृष्ठभागी येतात आणि त्यांची खपली बनते. १९५१ मध्ये सांधेदुखीच्या रोग्यांना ॲमिनोप्टेरिन हे कर्करोगावरचे औषध देताना त्यांचा सोरायसिसही निवळल्याचे लक्षात आले. हे औषध अमेरिकेत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी बनवले होते. त्याचे सुधारित रूप असलेले मेथोट्रेक्सेट आजही जगभर वापरले जाते. ते स्वस्त आणि प्रभावी आहे, पण सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवू शकतो, आणि उपचार चालू असताना यकृताची व रक्ताची तपासणी टाळता येत नाही. पेशींची वाढ रोखणारे औषध लागू पडते, त्यावरून दोष त्वचेच्या पेशींतच आहे असा निष्कर्ष निघाला. तो तर्काला धरून होता, पण अपुरा होता.

१९७९ मध्ये हा निष्कर्ष डळमळला. प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन सांध्यांच्या रोग्यांना दिले असता सोरायसिसचे चट्टे झपाट्याने गेले. त्यानंतरच्या संशोधनातून चित्र उलटे झाले. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशी चुकीच्या इशाऱ्याने त्वचेत जमतात आणि तेथे दाह पेटवणारी रसायने सोडतात. त्वचेच्या पेशी त्या हुकमाने वाढत सुटतात. या रसायनांत टीएनएफ, इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७ ही प्रमुख आहेत. नेमके त्यांनाच अडवणारी जैविक औषधे एकविसाव्या शतकात आली. भारतात विकसित झालेल्या इटोलिझुमॅबला २०१३ मध्ये येथे मान्यता मिळाली. या औषधांनी अनेकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते, मात्र ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. त्यांची किंमत अजूनही बहुसंख्य शेतकरी-मजूर कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रतिकारशक्तीचा हा बिघाड होतो तो आनुवंशिकता आणि परिस्थिती यांच्या संयोगातून. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-सी या जनुकाचे एक रूप सोरायसिसशी, विशेषतः तरुणपणी सुरू होणाऱ्या सोरायसिसशी, निगडित आहे. तरी ते असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असला, तर मुलांचा धोका वाढतो, पण बहुतेक मुले निरोगीच राहतात. लग्न जुळवताना घेतली जाणारी धास्ती म्हणूनच अवाजवी आहे. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान, लठ्ठपणा, थंडीतील कोरडी हवा, आणि लिथियम, क्लोरोक्विन किंवा बीटा-ब्लॉकर गटातील काही औषधे रोगाला चालना देतात किंवा तो वाढवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन ती एकाएकी बंद केल्यास रोग उसळून पूयुक्त किंवा सर्वांगव्यापी रूप घेऊ शकतो. दुकानातून नायट्याचे म्हणून आणलेल्या मिश्र मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. ते निदान झाकते आणि रोग चिघळवते.

शेवटचा बदल गेल्या काही दशकांतला. दाह संपूर्ण शरीरात चालतो, हे मान्य झाल्यावर त्याचे इतर परिणामही मोजले जाऊ लागले. सोरायसिसच्या रोग्यांत सांध्यांचा विकार, मधुमेह, हृदयविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायी आणि माणसाला विद्रूप व अक्षम करणारा रोग असल्याचे नोंदवले, आणि रोग्यांशी होणाऱ्या भेदभावाकडे लक्ष वेधले. पाप, जंतू आणि केवळ कातडी यांच्यावरचा आरोप त्या ठरावाने औपचारिकपणे संपला.

समाजाच्या मनातला आरोप मात्र अजून उरला आहे. मंगळवेढा हे संत चोखामेळ्यांचे गाव. परंपरेनुसार १३३८ मध्ये याच गावाचे कुसू बांधताना ते कोसळून त्यांचा अंत झाला. माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो या समजुतीला त्यांनी आपल्या भक्तीने दिलेले आव्हान मराठी मनाला परिचयाचे आहे. सोरायसिसच्या रोग्याला लग्नाच्या पंगतीत वेगळे बसवणे, न्हाव्याने त्याचे केस कापायला नकार देणे, शाळेत मुलाशेजारची जागा रिकामी ठेवणे ही त्याच समजुतीची उरलेली रूपे आहेत, आणि त्यांना विज्ञानाचा कोणताही आधार नाही.

सोरायसिस समूळ बरा करणारे औषध आज नाही, पण तो ताब्यात ठेवणारे उपचार आहेत. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला, खपल्या सुटणारा चट्टा, नखांतील खड्डे किंवा सकाळी आखडणारी बोटे दिसली, तर मलमे बदलत बसण्याऐवजी पंढरपूर किंवा सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्वचेला रोज तेल किंवा व्हॅसलीन लावून ती मऊ ठेवावी. खपल्या ओरबाडू नयेत, तंबाखू व दारू सोडावी, आणि सुरू केलेले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. रोग्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करायचे काम याहून सोपे आहे : त्याच्याजवळ बसावे, त्याच्यासोबत जेवावे आणि त्याचा हात निःशंकपणे हातात घ्यावा.