मैदानावरचा विटाळ

ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो असे धर्म सांगतो, त्याने टाकलेला चेंडू सवर्णाने झेलावा काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंपुढे आला. तो उभा राहिला बाळू पालवणकर यांच्यामुळे. चर्मकार कुटुंबात 1876 साली जन्मलेले बाळू पूना जिमखान्यात मैदानाची निगा राखत आणि सरावाला गोऱ्या साहेबांना डावखुरी फिरकी टाकत. जिमखान्याच्या गोऱ्या संघाला हरवायचे तर बाळू हवेत, हे हिंदू क्लबला कळत होते. काही सभासदांचा विरोध असतानाही त्यांना संघात घेतले गेले.

मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही निराळे असे. चेंडूही चामड्याचाच, पण त्याबद्दल कोणी प्रायश्चित्त घेतल्याचे ऐकिवात नाही.

या वागण्याला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. देवयात्रा, विवाह, यज्ञ आणि उत्सव अशा प्रसंगी स्पर्शास्पर्शाचा दोष नाही, असे अत्रिस्मृतीत सांगितले आहे. युद्ध आणि देशावरील संकट यांनाही इतर स्मृतिवचने अशीच सूट देतात. गोऱ्यांविरुद्धचा सामना उत्सवही होता आणि लढाईही, तेव्हा मैदान या अपवादांत सहज बसते. अडचण अपवादाच्या स्वरूपातच आहे. अपवाद नियम मोडत नाही. प्रसंग सरला की नियम पूर्वीसारखा लागू होतो, आणि सामन्यातला प्रसंग चहापानापर्यंतच टिकतो. चेंडू चालतो पण कप चालत नाही, यात सनातन्यांच्या दृष्टीने विसंगती नव्हतीच. म्हणूनच खेळ आपोआप जातिभेद मिटवतो, हे सुधारकांना प्रिय असलेले मत भाबडे ठरते.

बदल झाला तो खेळाबाहेरच्या आग्रहाने. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी बाळूंना जाहीर मान दिला. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात ते सहकाऱ्यांबरोबर जेवू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही संघात होते, आणि सुधारकांच्या पत्रांनी हा विजय सहभोजनाशी जोडला. 1911 च्या उन्हाळ्यात पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडूंचा संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. येथे प्रश्न स्पर्शाचा उरत नाही, अधिकाराचा होतो: अस्पृश्याच्या हातचा चेंडू चालेल, पण त्याच्या आज्ञेत ब्राह्मणाने उभे राहावे काय? स्मृतींच्या अपवादांत याचे उत्तर नाही. 1920 साली बाळूंना वगळले गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून माघार घेतली. मग बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी धर्मवार संघांची स्पर्धा जिंकली. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे दि. ब. देवधर यांच्यासारखे ब्राह्मण खेळाडूही खेळले.

या यशाला एक बोचरी बाजू आहे. बाळूंना ताटाशेजारी जागा मिळाली ती बळी घेतल्यावर. ज्याला फिरकी येत नाही त्या चर्मकाराचे काय? गुणामुळे मिळालेली समता ही बक्षिसी असते. ती माणूस म्हणून असलेल्या हक्कावर उभी नसते. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहात तळ्याचे पाणी मागणाऱ्यांना कोणतीही कर्तबगारी दाखवायची नव्हती, आणि त्यांची भूमिकाच तर्काला अधिक धरून होती. बाळूंनी मात्र हिंदू समाजात राहूनच सुधारणा होईल ही आशा सोडली नाही. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले.