लाज एकटीनं सांभाळू नकोस

किल्लारी, ता. औसा

चि. भाचीस,

तुला ताप आहे म्हणून तू लातूरच्या क्लासला जात नाहीस, असं तुझी आई सांगत होती. रात्री तूच मला खरं काय ते सांगितलंस. भर क्लासमध्ये कुर्त्याला डाग पडला, मागच्या बाकावरची पोरं हसली आणि तेव्हापासून तू खोलीबाहेर पडलेली नाहीस. शिवाय सराव परीक्षेत मार्क कमी पडले आणि वडलांना ते तू वाढवून सांगितलेस. घरात पाहुणे होते, मला फोनवर मोकळं बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक स्पष्ट सांगते. या दोन लाजा एक नाहीत. डागात तुझी कणभरही चूक नाही. मार्कांचं खोटं मात्र तुझं आहे आणि ते तुलाच निस्तरायचं आहे. दोन्ही एकत्र कालवून तू ‘मीच वाईट’ असं ठरवून बसलीस. त्या वेगळ्या कर, म्हणजे निम्मं ओझं आजच उतरेल.

दुसरं म्हणजे, चाळीसेक किलोमीटरवरच्या मावशीला तू हे सांगितलंस, पण तिथं खोलीत शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मुलींना सांगितलं नाहीस. त्या हसतील असं तुला वाटतं. माझं म्हणणं असं की त्यांना सांग, आणि त्या हसल्या तर तूही हस.

हे मी कुठं शिकले ते ऐक. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची पहाट आपल्या घरात कुणी फारशी बोलून दाखवत नाही. विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं आणि चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती खाली आल्या. तुझी आजी त्यात गेली, हे तुला माहीत आहे. पुढचं तुझ्या आईनंही सांगितलं नसेल, कारण ती तेव्हा फार लहान होती. आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. बाया-बाप्ये सगळे दाटीवाटीनं. न्हाणी नाही, आडोसा नाही. मला पहिली पाळी आली ती तिथं. सांगायला आई नव्हती. मी दिवसभर पोटाशी गुडघे धरून बसले आणि पोट दुखतंय एवढंच म्हणत राहिले.

शेजारच्या शेडमधली एक थोरली मुलगी जवळ येऊन बसली. “कशाला रडलालीस गं?” तिनं विचारलं. मी काही बोलले नाही, पण तिला कळलं. शहरांतून मदतीच्या ट्रकांनी जुन्या कपड्यांचे ढीग आले होते. त्यातून तिनं कुणा नवरदेवाचा चकचकीत कोट ओढून काढला, त्याचं अस्तर टराटरा फाडलं आणि म्हणाली, “मऊ हाय बघ. नवरा नाही आला तर नाही, त्याचा कोट तर कामाला आला!” आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या वेळी. हसता हसता रडले आणि मग तिला सगळं सांगितलं.

त्यानंतर ती, मी आणि आणखी दोघी अशा आम्ही चौघीजणी एकत्र राहू लागलो. एक न्हायला बसली की दोघी चादर धरायच्या आणि चौथी मोठमोठ्यानं पंचमीची गाणी म्हणायची, म्हणजे कुणी बाप्या तिकडं फिरकायचा नाही. तिचा आवाज इतका बेसूर होता की चादर धरणाऱ्यांचे हात हसून हलायचे. त्या दिवसांत मी वेडी झाले नाही, याचं श्रेय मी त्या तिघींना देते.

आता हसण्यातला फरक बघ. त्या पोरांचं हसू तुला एकटं पाडणारं होतं. शेडमधली ती मुलगी आधी माझ्याजवळ बसली आणि मग कोटाला हसली, मला नाही. तिसरंही एक हसू असतं, त्यापासून जप. लोक बोलायच्या आत स्वतःच स्वतःला ‘ढ’, ‘काळी’, ‘गावंढळ’ म्हणून सगळ्यांना हसवायचं. अशा मुली मी पाहिल्यात. त्या खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडतात. असा विनोद मला मान्य नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आईच्या कपाटात आहे, सुट्टीत काढून वाच. नवऱ्यानं 1895 साली धर्म बदलला, नातलगांत नाचक्की झाली, घर मोडलं. त्या बाईनं यातलं काही झाकलं नाही. स्वतःचं अज्ञान, नवऱ्याचा राग, वडलांचं टोकाचं सोवळं, सगळं मोकळेपणानं लिहिलं, आणि लिहिताना वाचणाऱ्याला हसवलं. तिचं हसणं कुणाला कमी लेखत नाही, स्वतःलाही नाही.

हे सांगणं फक्त मन हलकं करण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. गप्प राहण्यानं बायकांची शरीरं पोखरली गेली आहेत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ. बाकीच्या अंगावर काढत होत्या. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या तेरा हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली, हे 2019 मध्ये सरकारी चौकशीत पुढं आलं. त्यामागं पैशाचं, मुकादमाच्या उचलीचं, डॉक्टरांच्या लोभाचं कारण आहेच. पण पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय हे वेळेवर कुणाला सांगायचीही सोय नव्हती, हेही आहे.

आणि बाया बोलू लागल्या की काय होतं, तेही याच मातीत दिसलं. भूकंपानंतर आपलं गाव नव्या जागी वसलं, पण ज्या गावांतली घरं दुरुस्त करायची होती, तिथं महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. परक्या पुरुषापुढं ज्यांचा पदर ढळत नव्हता, त्या इंजिनिअरला सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या. एकटीदुकटीला ते जमलं नसतं. त्या घोळक्यानं जायच्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला गेल्या.

आता तुझं. खरं बोलायचं म्हणजे साऱ्या लातूरला सांगायचं नाही. मोबाईलच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस. तोंडी सांग, आणि जी दुसऱ्याच्या चुगल्या तुझ्यापाशी करत नाही तिलाच आधी सांग. तुझं ऐकून तीही तिचं काही सांगेल. ते तुझ्या पोटात राहू दे, आईलाही सांगू नकोस. रक्त फार जात असेल, दर महिन्याला उठवत नसेल, तर मैत्रिणीला घेऊन बाईडॉक्टरकडे जा. लातूरला संकोच वाटला तर इकडं ये, आपण अणदूरला हॅलो फाउंडेशनच्या दवाखान्यात जाऊ. त्यांनी गावोगावच्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलंय, तिथं असल्या गोष्टी कुणाला नवलाच्या नाहीत. आणि कधी जगणंच नको वाटलं, तर रात्री-बेरात्री मला उठव. मी नाही उचलला तर 14416 वर लाव. तो सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

वडलांना रविवारी फोन कर. मार्क जेवढे पडले तेवढेच सांग, मागचा आकडा खोटा होता हेही सांग. ते चिडतील. चिडू दे, ऐकून घे. त्यांच्या रागाची कारणं मला माहीत आहेत, नंतर मी बोलते त्यांच्याशी.

सोमवारी दोघी-तिघी मिळून क्लासला जा आणि पुढच्याच बाकावर बसा. कोण काय म्हणालं ते मला संध्याकाळी कळव.

तुझी,
मावशी